एका फळीवर दोन जावा: हात नेमका कुणाच्या फळासाठी उठतो?

फळीवरून एक बारीक संत्रं घरंगळत आलं. दोन्ही बाजूंनी दोन हात उठले, फळापासून वीतभर अंतरावर दोन्ही थबकले, आणि संत्रं त्या दोन हातांच्या मधून निघून खाली चांगल्या मालात जाऊन पडलं. मोबाइलवर घेतलेला हा तुकडा मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. सगळं प्रकरण त्या थबकण्यात आहे.

मी तालुक्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. मामा दोघे भाऊ, घर एक, चूल एक. बागेतल्या टिनाच्या शेडमध्ये माल निवडायचं काम दोन्ही मामींकडे. पुढे लिहिलेलं सगळं त्या दोघींना वाचून दाखवलं आहे, आणि त्यांच्या सांगण्यावरूनच नावं लिहिलेली नाहीत. मोठी मामी आणि लहान मामी, एवढीच ओळख इथे पुरेशी आहे.

आधी काम समजून घ्यावं लागेल. अंबिया बहाराचा, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्यातल्या फळांचा, तोडा ऑक्टोबर ते डिसेंबरात चालतो. आमच्याकडे बरेच बागायतदार झाडावरचाच माल व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतात. मामा काही वर्षांपासून स्वतः क्रेट भरून नागपूरला कळमना मार्केटला पाठवतात. त्यामुळे निवड घरच्या घरी करावी लागते. शेडमध्ये एक लांब, उतरती लाकडी फळी आहे. तिच्यावर पोतं अंथरलेलं, दोन्ही कडांना उभ्या पट्ट्या. वरच्या टोकाला लहान मामा क्रेट रिचवतात. फळं घरंगळत खाली येतात. मध्ये फळीच्या डाव्या अंगाला मोठी मामी, उजव्या अंगाला लहान मामी. मोठी मामी फक्त चुरी उचलते, म्हणजे बारीक फळ. लहान मामी फक्त डागी उचलते. आमच्याकडे डाग म्हणजे बहुतेक कोळशीचा: काळी माशी झाडावर चिकट गोड स्राव टाकते, त्यावर काळी बुरशी चढते आणि फळ काजळी फासल्यासारखं दिसतं. दोघींनी आपापली फळं उचलली की उरलेला चांगला माल खालच्या गवताच्या थरावर जमा होतो.

दोघींच्या कामात गोंधळ व्हायला वरवर पाहता जागाच नाही. एकीने आकार पाहायचा, दुसरीने रंग. दोघींचे क्रेट वेगळे. बोलून ठरवायची गरज नाही. फक्त एक गोष्ट कुणाच्या हातात नव्हती: कुठलं फळ फळीच्या कोणत्या अंगाने येईल. चुरी कधी मोठ्या मामीच्या हाताखालून जायची, कधी पार लहान मामीच्या बाजूने. डागी फळाचंही तसंच.

एका खेपेला अडत्याने कळमन्यात क्रेट उलटे करून पाहिले. चांगल्या मालात चुरीही निघाली, डागीही. त्याने त्या सगळ्या मालाचा भाव पाडला. संध्याकाळी मोठे मामा शेडमध्ये आले. ते लहान मामीचे भासरे, म्हणजे थोरले दीर, त्यामुळे तिच्याशी थेट बोलत नाहीत. तिच्याकडे न बघता ते मोठ्या मामीला म्हणाले, "सांग तिले, हात आवर म्हना. दुसऱ्याच्या फळावर कायले झपाटते?" लहान मामी डोक्यावरचा पदर नीट करून क्रेटमधली फळं उगाच इकडची तिकडे करत राहिली. मी तिथेच होते. मला ते लागलं, कारण हात तिचा एकटीचा उठत नव्हता.

घरात या चुकांची कारणं ठरलेली होती. कुणी म्हणालं, घाई. कुणी म्हणालं, लक्ष नाही. आणि दबक्या आवाजात तिसरं: दोघींचं पटत नाही. त्यातच मोठ्या मामीच्या माहेरी मयत झाली आणि ती तीन दिवस गेली. त्या दिवसांत लहान मामी फळीवर एकटी बसली. तिने तिचीच निवड केली, फक्त डागी. चुरी नंतर दुसऱ्या फेरीत काढायची ठरली. क्रेट रिचवणारे तेच लहान मामा, फळी तीच, माल त्याच झाडांचा. आणि तिचा हात एकदम शांत झाला. चुरी समोरून गेली तरी बोटसुद्धा हलत नव्हतं. डागी फळ डाव्या अंगाने आलं काय, उजव्या अंगाने आलं काय, हात सारख्याच सहजपणे जायचा.

घराने लगेच निष्कर्ष काढला: एकटी असली की बरोबर करते, म्हणजे दोघींना एकत्र बसवण्यातच खोट आहे.

निष्कर्ष निरीक्षणाला धरून होता, पण त्यातून निघणारा अर्थ मला पटेना.

मानसशास्त्रात सोबतीने काम करण्याबद्दल जुन्यात जुनं जे सापडतं, त्यातलं एक शेतीशी नातं सांगणारं आहे. मॅक्स रिंगेलमान हे फ्रेंच कृषी अभियंते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली. माणसं वाढवत नेली तशी एकूण ओढ वाढली, पण माणशी ओढ कमी होत गेली. 1913 साली हे छापून आलं. पुढे 1979 मध्ये लातने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तेच दाखवलं: आपला वाटा गर्दीत बुडतो तेव्हा माणूस अंग राखतो. मोठ्या मामांच्या मनात न बोलता हाच हिशेब होता. पण तो इथे लागू पडत नाही. दोघींचे क्रेट वेगळे होते, कुणाचा वाटा लपत नव्हता. शिवाय अंग राखणाऱ्याचा हात कमी उठतो. इथे हात जास्त उठत होता, आणि तोही जिथे उठायला नको तिथे.

दुसरा विचार रॉबर्ट झायन्स यांचा, 1965 चा. जवळ कुणी असलं की अंगात एक उठाव येतो. त्याने सरावाचं काम सुधारतं आणि नवखं काम बिघडतं. लहान मामीला या फळीवर बसून बरीच वर्षं झाली आहेत. तिचा हात सरावाचा. झायन्सच्या म्हणण्याप्रमाणे सोबतीत तिचं काम सुधारायला हवं होतं.

मग आठवलं ते सायमन परिणामाचं प्रकरण, आणि तिथे दार उघडलं.

1967 मध्ये अमेरिकेत जे. रिचर्ड सायमन आणि रुडेल यांनी लोकांच्या कानात 'डावं' किंवा 'उजवं' असे शब्द ऐकवले. 'उजवं' ऐकलं की उजवं बटण दाबायचं, 'डावं' ऐकलं की डावं. शब्द कोणत्या कानात पडतो याला काही महत्त्व नव्हतं. तरी 'उजवं' हा शब्द उजव्या कानात पडला तर लोक लवकर दाबत, डाव्या कानात पडला तर उशिरा. नंतर हेच रंगांवर, आकारांवर तपासलं गेलं. लाल दिसलं तर डावं बटण, हिरवं दिसलं तर उजवं, असं सांगा आणि लाल ठिपका पडद्याच्या उजवीकडे दाखवा. हात किंचित अडखळतो. जागेकडे लक्ष देऊ नका म्हणून बजावलं तरी जागा हाताला खेचते. फरक मिलिसेकंदांचा असतो, पण नेमाने दिसतो.

आता हे काम अर्धं करा. एकाच माणसाला एकच बटण द्या: लाल दिसलं तर दाब, हिरवं दिसलं तर गप्प बस. मग हा परिणाम जवळपास विरून जातो. हाताला दुसरी बाजूच उरत नाही, तर तो खेचला जाणार कुठे?

2003 साली नताली सेबान्झ, ग्युंथर क्नोब्लिख आणि वोल्फगांग प्रिन्झ यांनी याच अर्ध्या कामाशेजारी दुसरा माणूस बसवला. पडद्यावर एक हात दिसायचा, त्याचं बोट कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी सरळ. बोटात अंगठी, कधी लाल, कधी हिरवी. एकाने फक्त एका रंगाला बटण दाबायचं, शेजारच्याने फक्त दुसऱ्या रंगाला. प्रत्येकाचं काम तेच, एकटा असताना होतं तेवढंच. तरी गेलेला परिणाम परत आला. आपल्या रंगाची अंगठी असली पण बोट शेजाऱ्याकडे वळलेलं असलं, की दाबायला वेळ जास्त लागायचा. जणू दोन्ही बटणं त्याचीच होती. आणि शेजारचा माणूस काही न करता नुसताच बसला असेल, तर परिणाम दिसला नाही. नुसतं शेजारी असणं पुरत नव्हतं. शेजारच्याला त्या कामात वाटा असावा लागत होता.

याला आता संयुक्त सायमन परिणाम म्हणतात. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सरळ आमची फळी आली. लहान मामी एकटी असताना तिचं काम म्हणजे 'डागी आलं तर उचल, नाहीतर थांब'. मोठी मामी शेजारी बसली की तिच्या मनात फळीचं पूर्ण काम उभं राहत होतं: डागी माझ्याकडे, चुरी तिकडे. मोठ्या मामीच्या मनातही तेच. प्रयोगशाळेत बटणाला काही मिलिसेकंद उशीर होतो. फळीवर तो हाताच्या उठण्यात आणि थबकण्यात दिसत असावा, असा माझा तर्क होता. तर्क तपासून बघायला हवा होता.

फळीशेजारी मोबाइल

मोठी मामी परतल्यावर मी रिकाम्या क्रेटवर मोबाइल टेकवून ठेवला. दोघींना सांगितलं की चुका कुणाच्या हे मला बघायचंच नाही, फळ कोणत्या अंगाने आलं आणि हात कधी उठला एवढंच बघायचं आहे. घरी चित्रण हळू चालवून पाटीवर खडूने रेघा मारल्या. एका रांगेत 'आपल्या अंगाने आलेलं आपलं फळ', दुसऱ्या रांगेत 'पलीकडच्या अंगाने आलेलं आपलं फळ', तिसऱ्या रांगेत 'आपल्या अंगाने आलेलं दुसरीचं फळ'.

पहिल्या रांगेत गोंधळ नव्हता. मोठ्या मामीच्या हाताखालून चुरी आली की हात सरळ गेला. दुसऱ्या रांगेत हात जायचा, पण उशिरा. कधी कधी फळ पुढे निघून गेल्यावर. रेघांनी भरली ती तिसरी रांग. चुरी लहान मामीच्या अंगाने आली की तिचा हात मांडीवरून उठायचा आणि हवेत थांबायचा. तिकडून मोठ्या मामीचा हात निघालेला असायचा, तो समोरचा हात बघून थांबायचा. दोघी एकमेकींकडे बघायच्या. फळ निघून जायचं. कळमन्याच्या क्रेटमध्ये सापडलेला माल असा गेला होता.

दोघींमध्ये हे सारखंच होतं. भासऱ्यांची नजर फक्त धाकटीच्या हातावर पडली होती, कारण तिचा हात चपळ आणि उठलेला दिसत होता. मोठीचा हात मंद, तिचं थबकणं दिसतच नव्हतं.

दुसऱ्या बैठकीला मोठ्या मामीला तिच्याच जागी बसवलं, पण काम दिलं तुरीच्या शेंगा सोलायचं. ती फळीकडे बघत होती, बोलतही होती. लहान मामी फक्त डागी उचलत होती. तिचा हात चुरीवर उठला नाही. मधेच मोठ्या मामीने शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि कुणी न सांगता दोन-तीन चुरी फळं उचलली. पुढच्या काही मिनिटांतच लहान मामीचा हात पुन्हा उठायला लागला. मी हे ठरवलेलं नव्हतं, पण सगळ्यात जास्त शिकवलं ते या अपघाताने. शेजारी बसलेलं माणूस कामात शिरलं की त्याचं काम आपल्या हातात उतरतं.

लहान मामीला मी विचारलं, "मामी, चुरी आली की तुझा हात का उठतो गं?"

मोठ्या मामीला ती 'बाई' म्हणते. ती जरा विचार करून म्हणाली, "बाईचं फळ आलं का मले पयलेच समजते ना. आता बाई उचलतीन, असं मनात येते, तंवर हात उठलेला असते."

याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

पटत नाही, हे खरं का?

घरातल्या तिसऱ्या कारणाकडे यायला हवं, कारण त्याने सगळ्यात जास्त दुखवलं होतं. 2009 मध्ये बर्नहार्ड होमेल, लोरेंझा कोल्झाटो आणि व्हान डेन विल्डेनबर्ग यांनी हाच जोडीचा प्रयोग दोन प्रकारच्या जोडीदारांसोबत केला. एकीकडे जोडीदार मनमिळाऊ आणि सहकार्य करणारा, दुसरीकडे धाक दाखवणारा, चढाओढ करणारा. परिणाम दिसला तो मनमिळाऊ जोडीदाराबरोबर. धाक दाखवणाऱ्या जोडीदाराशेजारी लोक जणू एकटेच बसल्यासारखे काम करत होते.

म्हणजे दोघींचं पटत नसतं तर हात शांत राहायला हवा होता. घराने तोच हात उलटा वाचला होता. मोठी मामी माहेराहून आली त्या संध्याकाळी लहान मामीने तिच्यासाठी पाणी तापवून ठेवलं होतं, आणि जेवताना आपल्या ताटातली भाकर अर्धी मोडून तिच्या ताटात टाकली होती. हे मी आधीही पाहत आले होते. पण घरात भावजया-जावांचं नातं आधीच ठरलेल्या चष्म्यातून बघितलं जातं, आणि मग दोन हात एकमेकांना आपटले की लोकांना त्यात भांडणच दिसतं.

इथे मला स्वतःलाही आवर घालावा लागला. आपुलकीमुळे हात उठतो, असं लिहून टाकायचा मोह मोठा होता. पण 2013 मध्ये थॉमस डोल्क, होमेल, प्रिन्झ आणि लीपेल्ट यांनी माणसाच्या जागी हात हलवणारी जपानी मांजराची बाहुली ठेवली, घड्याळ ठेवलं, ताल देणारं यंत्र ठेवलं, आणि तरीही परिणाम आला. त्यांचं म्हणणं असं: शेजारी लक्ष वेधणारी कोणतीही हालचाल चालू असली की माझी कृती त्या हालचालीच्या तुलनेत 'इकडची' होते, आणि मग जागा पुन्हा महत्त्वाची ठरते. शेजारी माणूसच असलं पाहिजे असं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. उठलेला हात प्रेमाचा पुरावा नाही, आणि दुराव्याचा तर मुळीच नाही. तो निष्काळजीपणाही नाही. शेजारी चाललेलं काम मनात उतरल्याची ती खूण आहे, आणि त्याबद्दल बाईला बोल लावणं अन्यायाचं आहे.

बांबूची पट्टी

माल मात्र सुधारायला हवा होता. दोघींना वेगवेगळ्या वेळी बसवलं असतं तर दिवस दुप्पट लागला असता. मी सुचवलं ते एवढंच: फळाची जात वाटून घेण्याऐवजी फळीची जागा वाटून घ्या. लहान मामांनी फळीच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत बांबूची चिरलेली पट्टी ठोकली. डाव्या वाटेने येईल ते सगळं मोठ्या मामीचं, उजव्या वाटेने येईल ते लहान मामीचं. चुरीही आणि डागीही. प्रत्येकीजवळ दोन क्रेट. आता फळ कुठल्या अंगाने आलं हेच सांगत होतं की ते कुणाचं आहे. हाताला खेचणारी जागा आणि हाताला मिळालेलं काम एका दिशेने आलं.

पहिल्या दिवशी काम मंदावलं. मोठ्या मामीला जवळचं बारीक दिसत नाही, हलका डाग तिच्या नजरेतून सुटायचा. लहान मामीला चुरीचा अंदाज नव्हता. तिला तारेचं कडं करून दिलं, त्यातून फळ आरपार गेलं की चुरी. आणि एकीला दोन क्रेट झाल्यामुळे कधी फळ चुकीच्या क्रेटमध्येही पडलं. ती चूक मात्र जागच्या जागी दिसायची आणि सुधारता यायची. दोन-तीन दिवसांत हात बसला. थबकलेल्या हातांच्या खडूच्या रेघा जवळजवळ उरल्या नाहीत. चांगल्या मालाचा ढीग मोठ्या मामांनी स्वतः चाळून पाहिला.

त्या रात्री मी त्यांना चित्रण दाखवलं. दोन हात उठतात, थांबतात, फळ जातं. त्यांनी तीन वेळा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांचं बोट मोठ्या मामीच्या हातावर थांबलं. "हिचाबी उठते ना," ते म्हणाले. मग सकाळी शेडमध्ये, लहान मामी ऐकू येईल एवढ्या अंतरावर असताना, मोठ्या मामीला म्हणाले, "सांग तिले, मनाले लावून घेऊ नको म्हना. ते चूक तिची नव्हती."

लहान मामीने मान वर केली नाही. हातातलं संत्रं तिने कड्यातून दोनदा काढलं.

पट्टीबद्दल तिची एक तक्रार आहे, ती नोंदवली पाहिजे. "काम बराबर होते," ती म्हणते, "पण शेजारी कोनी बसलंच नाही असं वाटते." म्हणून दोघींनी आपसांत ठरवलंय: मार्केटचा माल असला की पट्टी, घरचा आणि पाहुण्यांना द्यायचा माल असला की पट्टी काढून ठेवायची.

मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा, माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघेल. तेव्हा मोठ्या मामीचं डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि तिच्या जागी शेजारच्या गावची रोजाने येणारी बाई बसणार आहे. लहान मामीने तिला अजून पाहिलेलंही नाही. पहिल्या दिवशी पट्टी न लावता बसायचं असं आम्ही ठरवलं आहे.